झोपेत दात खाणं आणि मानेचे व्यायाम: किती अपेक्षा ठेवावी, काय करावं

प्रश्न थोडक्यात असा: वय छत्तीस, रोज आठ-नऊ तास लॅपटॉपवर काम. रात्री झोपेत दात खाता असं नवरा सांगतो. डेंटिस्टनी दाढेला गेलेली बारीक चीर दाखवली आणि नाइट गार्ड (रात्री दातांवर बसवायचं संरक्षक कवच) करून दिला. गार्ड नियमित लावूनही सकाळी कानशिलं ठणकतात, मान आखडलेली असते आणि सात तास झोपूनही झोप झाल्यासारखी वाटत नाही. मानेच्या एक्स-रेत मणक्यांमधला 'गॅप कमी झालाय' असं सांगितलंय. सासूबाई म्हणतात जंत असतील. मैत्रीण म्हणते मानेचे व्यायाम कर, दात खाणं थांबेल आणि झोपही लागेल. यातलं खरं काय, आणि व्यायाम करायचे तर कोणते?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मान आणि जबड्याच्या तक्रारी घेऊन येणारे लोक रोज पाहते, म्हणून आधी सरळ उत्तर देते. मानेच्या व्यायामांनी रात्रीचं दात खाणं बंद होतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. या विषयावर झालेले फिजिओथेरपीचे अभ्यास बहुतेक लहान आहेत आणि त्यांच्यावरून तसा दावा करता येत नाही. पण सकाळचं दुखणं कमी होणं, दिवसा नकळत दात आवळण्याची सवय सुटणं आणि दुखण्यामुळे मोडणारी झोप जरा सलग होणं, या तीन गोष्टी व्यायामांनी साधतात असा माझा अनुभव आहे. तुमच्या त्रासाचा मोठा भाग याच तीन गोष्टींत आहे, त्यामुळे व्यायाम जरूर करा. फक्त त्याआधी तुमची झोप तपासून घ्यायला हवी. ते का, हे कळण्यासाठी रात्री नेमकं काय घडतं ते बघू.

झोप रात्रभर एकसारखी गाढ नसते. निरोगी माणसाच्या झोपेतही तासातून अनेकदा काही सेकंदांपुरती झोप हलकी होते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. झोपेत दात खाणं बहुतेक वेळा अशाच क्षणांना जोडून येतं, तेही गाढ झोपेपेक्षा हलक्या झोपेत जास्त. झोपेच्या प्रयोगशाळेत याचा क्रम दिसतो. आधी शरीराची सावध करणारी मज्जासंस्था वर येते, मग मेंदूच्या लहरी बदलतात, हृदयाचे ठोके वाढतात आणि सर्वांत शेवटी जबड्याचे स्नायू तालात आवळू लागतात. म्हणजे दात वाजायच्या आधी बरंच काही घडून गेलेलं असतं आणि त्याची सुरुवात मेंदूत होते. मान या साखळीचं उगमस्थान नाही. दातांचा चावा नीट बसत नाही म्हणून माणूस दात खातो, ही जुनी समजूतही आता मागे पडली आहे. त्यामुळे दात घासून चावा 'बसवून' देतो असं कुणी म्हटलं तर घाई करू नका, घासलेला दात परत येत नाही.

2013 मध्ये या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मिळून दात खाण्याची व्याख्या ठरवली. तिच्यात झोपेतलं दात खाणं आणि जागेपणी दात आवळणं हे दोन वेगळे प्रकार मानले. 2018 मध्ये त्यांनी पुढे स्पष्ट केलं की अन्यथा निरोगी माणसात याकडे आजार म्हणून न पाहता जबड्याच्या स्नायूंची एक वर्तणूक म्हणून पाहावं. तिने नुकसान होऊ शकतं, पण दरवेळी होतंच असं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण 'झोपेत मी माझे दात संपवतेय' या धास्तीने झोप आणखी मोडलेली माणसं मी पाहिली आहेत. प्रौढांत साधारण दहातल्या एकाला हे असतं आणि वय वाढतं तसं त्याचं प्रमाण उतरत जातं. मुलांमध्ये ते बरंच जास्त आढळतं आणि बहुतेकांचं आपोआप सुटतं. जंतांची समजूत आपल्याकडे घरोघरी आहे, पण जंतांमुळेच दात खाल्ले जातात असा खात्रीचा पुरावा नाही. तुमच्या वयात, बाकी लक्षणं नसताना, केवळ दात खाता म्हणून जंतांचं औषध घेण्यात अर्थ नाही.

आता झोपेची तपासणी. पुरेसे तास झोपूनही ताजंतवानं न वाटणं आणि सकाळी डोकं जड असणं, ही झोपेत श्वास अडखळण्याचीही लक्षणं आहेत. घोरणं फक्त जाड पुरुषांचं, असा समज असतो. बायकांच्या बाबतीत घोरण्याचं घरात कुणी बोलत नाही, किंवा त्या थकवा, डोकेदुखी, झोपमोड एवढंच सांगतात आणि निदान राहून जातं. नवऱ्याला नेमकं विचारा: घोरता का, मधेच श्वास थांबून एकदम उसासा येतो का? तुम्ही स्वतः आठवा: रात्री तोंड कोरडं पडून जाग येते का, लघवीला उठावं लागतं का, दुपारी बसल्या जागी डोळा लागतो का, रक्तदाब वाढलाय का? यातली दोन-तीन उत्तरं 'हो' आली तर आधी कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन स्लीप स्टडीबद्दल, म्हणजे झोपेतला श्वास वगैरे मोजणाऱ्या तपासणीबद्दल विचारा. श्वास अडखळत असेल तर मानेचे कितीही व्यायाम केले तरी सकाळचा थकवा हटणार नाही. शिवाय अशा काही रुग्णांमध्ये वरच्या दातांवरच्या गार्डने श्वासाचा अडथळा वाढल्याचं एका लहान अभ्यासात दिसलं आहे, म्हणून डेंटिस्टनाही हे कळायला हवं.

नैराश्य किंवा चिंतेसाठी सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटीन, व्हेनलाफॅक्सिन यांसारखी गोळी सुरू असेल आणि दात खाणं त्यानंतर वाढलं असेल, तर ज्यांनी गोळी दिली त्यांना ते सांगा. मनाने गोळी मात्र बंद करू नका. रात्री आम्लपित्त वर येणं, संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी, दारू आणि तंबाखू यांचाही दात खाण्याशी संबंध आढळला आहे. रात्री जेवून लगेच आडवं होण्याची सवय असेल तर ती आधी बदला.

मग मान येते कुठे? चेहरा आणि जबड्याच्या वेदना ज्या नसेतून मेंदूकडे जातात, तिचं एक केंद्र मेंदूच्या देठापासून खाली मानेच्या वरच्या भागापर्यंत उतरलेलं असतं. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या वेदनाही तिथेच येऊन मिळतात. त्यामुळे दुखतं मानेत आणि कळ कानशिलात किंवा जबड्यात, असं होतं, आणि उलटही होतं. हालचालीतही दोघांची जोडी आहे. तोंड मोठं उघडताना डोकं किंचित मागे जातंच. स्वतः करून बघा. मानेच्या बाजूच्या जाड स्नायूवर बोटं ठेवा आणि दात घट्ट आवळा, बोटांखाली तो ताणलेला लागेल. आता चेहरा स्क्रीनकडे नेतो तसा पुढे काढून दात अलगद टेकवा, मग हनुवटी आत घेऊन पुन्हा टेकवा. दोन्ही वेळी दात पहिल्यांदा वेगळ्या जागी भेटतील. दिवसभर मान पुढे काढून, दात टेकवून काम करणारा माणूस संध्याकाळपर्यंत जबडा आणि मान दोन्ही थकवून ठेवतो, आणि त्या थकलेल्या स्नायूंवर रात्रीचं दात खाणं येऊन पडतं. रात्रीच्या भागावर आपला हात चालत नाही. दिवसाच्या भागावर चालतो.

म्हणून माझा पहिला 'व्यायाम' दिवसा करायचा आहे आणि तो सर्वांत मोलाचा आहे. खाणं-गिळणं सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना लागायला नकोत. ओठ मिटलेले, दात सुटलेले, आणि 'न' म्हणताना जिभेचं टोक जिथे लागतं तिथे ते अलगद टेकलेलं. दातांवर जिभेचा दाब नको. आठवणीसाठी लॅपटॉपच्या कोपऱ्याला एक टिकली चिकटवा, एक फोनच्या मागे, एक स्वयंपाकघराच्या ओट्यासमोर. नजर गेली की तपासा: दात टेकलेत का? खांदे कानांकडे चढलेत का? श्वास धरलाय का? सोडा आणि पुढचं काम करा. दात कधी आवळले जातात हे आठवडाभर नुसतं टिपलं तरी ठरलेल्या जागा सापडतात: गर्दीत गाडी चालवताना, हेल्मेटचा पट्टा कचकचून बांधलेला असताना, पोळ्या लाटताना, मीटिंगमध्ये बोलायची वाट बघताना. आपण दात आवळतो हेच बहुतेकांना तेव्हा पहिल्यांदा कळतं.

आता मानेचे व्यायाम. यातला मुख्य एकच आहे, तो नीट शिका. मानेच्या पुढच्या बाजूला, मणक्यांना लागून खोल, बारीक स्नायू असतात. डोकं तोलून धरणं हे त्यांचं काम. मान दुखू लागली की ते सुस्तावतात आणि वरचे जाडे स्नायू त्यांचं काम ओढू लागतात. खोल स्नायूंना जागं करण्यासाठी पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, डोक्याखाली पातळ घडी केलेला टॉवेल ठेवा. जीभ 'न' च्या जागी, दात सुटे. आता डोकं न उचलता, अगदी हळू 'हो' म्हटल्यासारखी हनुवटी जराशी खाली आणा. डोक्याचा मागचा भाग टॉवेलवर वरच्या दिशेला सरकल्यासारखा वाटेल, एवढीच हालचाल. पाच सेकंद धरा, श्वास चालू ठेवा, सोडा. सुरुवातीला पाच वेळा. दोन-तीन आठवड्यांत दहा सेकंद, दहा वेळा इथवर या. एका हाताची बोटं गळ्याच्या बाजूच्या स्नायूंवर ठेवा. ते दोरीसारखे ताठ झाले तर तुम्ही जोर जास्त लावताय. क्लिनिकमध्ये यासाठी मानेखाली हवेची पिशवी ठेवून तिचा दाब 20 वरून दोन-दोनने 30 मिलिमीटर पाऱ्यापर्यंत (रक्तदाब मोजतात त्याच एककात) नेतात. तो दाब दहाने वाढवायला किती कमी जोर लागतो हे पाहून लोक चकित होतात. हा व्यायाम ताकदीचा नाही. दात आवळून केला तर उलटा त्रास देतो, आणि जबडा दुखणारे बहुतेक जण पहिल्या दिवशी नेमकं तेच करतात.

हे जमलं की तीच हालचाल बसून करा. बसताना मधल्या पाठीकडे लक्ष द्या, कारण पाठ पोक काढून बसलेली असेल तर मान एकटी सरळ राहू शकत नाही. रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून दोन्ही हातांनी मागे ओढणं, खांद्याची पाती एकमेकांकडे आणणं, दहा-बारा वेळा, एक दिवसाआड. पट्टा नसेल तर भिंतीला पाठ लावून हात भिंतीवरून वर-खाली सरकवा. मानेच्या बाजूचा ताण असा द्या: खुर्चीची कड एका हाताने धरा, डोकं विरुद्ध बाजूला कलू द्या, तीस सेकंद, दोन्ही बाजूंना दोनदा. हाताने डोकं खेचू नका.

जबड्यासाठी एवढं पुरे: जिभेचं टोक टाळूला लावून, ते न सोडता तोंड उघडता येईल तेवढंच सावकाश उघडा आणि मिटा. आरशासमोर करा, म्हणजे जबडा एका बाजूला वळतो का ते दिसेल. चिलीचे फिजिओथेरपिस्ट मारियानो रोकाबादो यांनी जबडा आणि मानेसाठी सहा व्यायाम, प्रत्येकी सहा वेळा, दिवसातून सहा वेळा, अशी पद्धत बसवली. ती जगभर शिकवली जाते. सगळं काटेकोर जमलं नाही तरी तिच्यातलं मर्म घ्या: एकदाच अर्धा तास घाम गाळण्यापेक्षा दिवसभरात थोडं-थोडं आणि हलकं.

रात्री झोपण्याआधी जोराचे व्यायाम नकोत. कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल गालांवर आणि मानेच्या मागे दहा मिनिटं ठेवा. मग गालाच्या हाडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत बोटांनी हळू खाली उतरत मालिश करा, कानशिलांवर गोल फिरवा. दुखऱ्या गाठीवर जोर देऊ नका. शेवटी पाठीवर पडून श्वास सोडण्याला श्वास घेण्यापेक्षा जास्त वेळ देत काही मिनिटं सावकाश श्वास घ्या. यानेही दात खाणं थांबेलच असं नाही. पण आवळलेला जबडा घेऊन झोपी जाणं आणि सैल जबडा घेऊन झोपी जाणं यात सकाळी फरक पडतो.

उशीबद्दल लोक हजारो रुपये घालवतात. कुशीवर झोपलात की खांदा आणि कान यांच्यामधली पोकळी भरेल एवढी उंची हवी, पाठीवर झोपलात तर त्याहून कमी. घरातली चादर घडी करत-करत उंची ठरवा आणि मग उशी घ्या. वर्षानुवर्षं वापरून गोळे झालेली कापसाची उशी बदला किंवा पिंजून घ्या. पोटावर झोपणं मात्र सोडा. त्यात मान रात्रभर वळलेली राहते आणि जबड्यावर एका बाजूने दाब येतो. घोरत असाल तर कुशीवर झोपणं मान आणि घोरणं दोन्हीला बरं.

काही गोष्टी करू नका. सलूनमध्ये किंवा मालिशवाल्याकडून मान कटकन मोडून घेऊ नका. अशा झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. मानेचा पट्टा महिनोन्महिने लावून बसू नका, जे स्नायू आपल्याला जागे करायचे आहेत ते त्याने आणखी आळसावतात. मान गरागरा फिरवण्याने काही साधत नाही. च्युइंगम, सुपारी, ऊस, कडक चिक्की काही आठवडे बाजूला ठेवा. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा. एक्स-रेतल्या 'गॅप'ची काळजी करू नका. असे बदल काहीच न दुखणाऱ्या माणसांतही सर्रास दिसतात आणि त्यावरून तुमच्या दुखण्याचं कारण ठरत नाही. जबड्याच्या स्नायूत बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) घेण्याबद्दलही मला नेहमी विचारतात. त्याने आवळण्याचा जोर कमी होतो, पण तो परिणाम काही महिन्यांपुरता असतो. आधी हे सगळं करून बघावं असं माझं मत आहे.

काही लक्षणं असतील तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा: हातात मुंग्या किंवा अशक्तपणा, चालताना तोल जाणं, मान वळवल्यावर चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना किंवा गिळताना अडखळणं, ताप किंवा वजन घटणं. जिना चढताना जबडा दुखत असेल आणि थांबल्यावर राहत असेल तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. पन्नाशीनंतर कानशिलात नव्याने सुरू झालेलं दुखणं आणि चावताना जबडा भरून येणं ही रक्तवाहिनीच्या सुजेची खूण असू शकते. त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो, तेव्हा त्याच दिवशी दाखवा. तुम्हाला शेवटचं लागू नाही, पण घरात आई-सासूबाई असतातच. आणखी एक तपासणी आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का? जात नसतील आणि सुपारी, गुटखा किंवा मावा खाण्याची सवय असेल, तर ते तोंडाच्या आतल्या त्वचेचं घट्ट होणं असू शकतं. त्यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. अशा माणसाने जबड्याचे व्यायाम करत वेळ घालवू नये, आधी तोंड दाखवावं.

फरक कळायला सहा ते आठ आठवडे द्या, आणि दात वाजतात की नाही यावरून तो मोजू नका. नवरा गाढ झोपला असेल तर त्याला ऐकू येणार नाही आणि तुम्हाला वाटेल बरं झालं. वहीत रोज सकाळी चार गोष्टी लिहा: दुखणं शून्य ते दहात किती, रात्री कितीदा जाग आली, वेदनाशामक गोळी लागली का, उठल्यावर तोंड किती बोटं उघडलं. झोपेची प्रत ठरवायला 1989 पासून वापरात असलेली पिट्सबर्गची प्रश्नावली आहे. शून्य ते 21 गुण, पाचाच्या वर गेले की झोप चांगली नाही असं धरतात. तुमच्या फिजिओकडून सुरुवातीला आणि दोन महिन्यांनी ती भरून घ्या. दुखणं उतरलं पण गुण तसेच राहिले, तर झोपेवर वेगळं काम करायला हवं. रोज एकाच वेळी उठणं, अंथरुणात फोन न नेणं, आणि गरज पडली तर निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत. ती गोळ्यांच्या आधी सुचवली जाते.

त्याच वहीत गार्ड लावलेल्या आणि न लावलेल्या रात्रींची खूण करा. गार्ड लावलेल्या रात्रीनंतरच कानशिलं जास्त ठणकत असतील तर तो नीट बसतो का हे डेंटिस्टकडून तपासून घ्या. पण त्यांना विचारल्याशिवाय तो सोडू नका, कारण चीर गेलेल्या दाढेला त्याचंच संरक्षण आहे. गार्डवर घासल्याच्या खुणा नव्याने दिसल्या तरी हिरमुसू नका. दात खाणं चालू असूनही दुखणं निम्म्यावर येऊ शकतं, गार्ड झिजतो तो दातांऐवजी झिजतो. फिजिओकडे पहिल्यांदा जाताना गार्ड आणि ही वही सोबत न्या. गार्ड लावून आणि काढून मान किती वळते, कुठे दुखते, हे दोन्ही वेळा बघायला सांगा.